बंद म्हणण्याचं काम

माझा स्वभाव थांबण्याचा नाही. दूध तापायला ठेवलं तरी मी शेगडीसमोर उभी राहून त्याला घाई करते, असं आई म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. अशा माणसाच्या वाट्याला जे पहिलं मोठं काम आलं, त्याचं मूळच थांबण्यात होतं. चार कॉम्प्युटरना मिळून एकच डिस्क वापरायला शिकवायचं, हे ते काम.

इंदूरात त्या वर्षांत दोन तऱ्हेच्या बातम्या शेजारी शेजारी नांदत होत्या. आमच्या परदेशीपुऱ्याच्या बाजूला कापडाच्या मिल एकामागून एक थंड पडत होत्या. भोंगा वाजेनासा झाला म्हणून गजराची घड्याळं घ्यावी लागली, असं लोक हसत सांगायचे. आणि तिकडे सांवेर रोडवर रोज नव्या कारखान्याची पाटी लागत होती. माझी कंपनी तिथेच होती. ज्या शेडमध्ये आम्ही बसायचो तिथे आधी प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या, आणि उन्हाळ्यात भिंतींना अजून तो वास यायचा. आमचं काम नकाशांचं. जमिनीचे जुने, घड्या पडून फाटलेले नकाशे स्कॅन करायचे आणि शेताची एकेक हद्द कॉम्प्युटरवर पुन्हा काढायची. हॉलमध्ये पोरंपोरी ओळीने बसून माऊस फिरवत असायची, आणि काचेच्या पार्टिशनमागच्या थंड खोलीत त्या सगळ्यांना नकाशे पुरवणारी चार मोठी मशीन आणि डिस्कांनी भरलेलं एक कपाट.

कपाट एक, मशीन चार. चौघांनाही त्यात थेट लिहिता-वाचता आलं पाहिजे, आणि दोघांनी एकाच जागी एकाच वेळी लिहिता कामा नये. म्हणून ती आपसात परवानगी मागून काम करतात. शिवाय दर थोड्या वेळाने एकमेकांना कळवत राहतात की मी आहे, मी आहे. मी जी फाइल महिनाभर घासत होते तिच्यात चौघांची नावं होती, पत्ते होते, आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक गोष्ट लिहायची होती: हे बोलेनासं झालं तर काय करायचं.

सगळा जीव त्या प्रश्नात अडकलेला होता. जे मशीन सांगून जातं त्याचा काही त्रास नाही. बंद करताना ते बाकीच्यांना कळवतं, हातातलं काम ठेवतं आणि निघून जातं. त्रास न सांगता गप्प होणाऱ्याचा. ते मेलं आहे, की नुसती मधली तार सुटली आहे, की तापून घटकाभर मूर्च्छा आली आहे, हे बाकीच्या तिघांना कळायला मार्ग नसतो. मेलं असेल तर ठीक; डिस्कवर त्याने आपल्या नावच्या जागेत 'हे करतोय' असं लिहून ठेवलेलं असतं, ते वाचून दुसरं मशीन अर्धवट राहिलेलं काम पुरं करतं. पण ते मेलेलं नसेल, आणि मागाहून उठून आपलं जुनंच काम लिहू लागलं, तर सत्यानाश. म्हणून तिघंही हात आखडून बसतात. एकही नकाशा उघडत नाही. गप्प झालेलं मशीन खरोखर बंद आहे, याची हमी मिळेपर्यंत सगळं ठप्प.

ही हमी देणारा एक आपोआप वीज तोडणारा डबा मिळत असे. आमच्या सरांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, तो घ्यायला नकार दिला. "अपने पास आदमी हैं, मॅडम, हाथ से कर लेंगे." तो आदमी म्हणजे मी. मशीन गप्प झालं की स्क्रीनवर प्रश्न यायचा. मी थंड खोलीत जायचं, त्या मशीनचा प्लग ओढायचा, दिवे विझलेले डोळ्यांनी बघायचे, मग परत येऊन टाइप करायचं की हो, बंद आहे. त्यानंतरच बाकीची कामाला लागत.

तिसऱ्या नंबरचं मशीन तापट होतं. माझ्यासारखंच, असं हॉलमधली पोरं म्हणायची, मला ऐकू येईल इतक्या बेताने. एकदा मी डबा खात असताना ते गप्प झालं. हॉलमध्ये सगळे माऊस सोडून बसले, आणि सरांना बसलेली माणसं बघवत नसत. ते माझ्या खुर्चीत बसले, स्क्रीनवरचा प्रश्न वाचला आणि जागेवरूनच 'हो' म्हणून मोकळे झाले. "बंद ही तो है, कब से जवाब नहीं दे रहा!" मशीन बंद नव्हतं. थोड्या वेळाने त्याला शुद्ध आली आणि त्याने जे लिहिलं त्याने सांवेर तहसिलीतल्या एका गावच्या तळ्यात दुसऱ्या गावची शेतं नेऊन टाकली. ती निस्तरताना आमच्या नाकी नऊ आले. मी सरांशी भांडले, नोकरी जाईल इतक्या आवाजात भांडले, आणि एक नियम करून घेतला: खोलीत जाऊन बघितल्याशिवाय कुणीही बंद म्हणायचं नाही. सरसुद्धा.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा माझं डोकं तापलेलंच होतं. बाबांनी विचारलं काय झालं, तर मी सगळी कहाणी ओकली. बाबा मिलमध्ये विणाई खात्यात जॉबर होते. कापड विणणारे वेगळे. माग रुसला की त्याला वळणावर आणणारा माणूस म्हणजे जॉबर. मशीनची गोष्ट कुणाचीही असो, ते मन लावून ऐकायचे.

"म्हणजे मेलं म्हणून सांगायला एक माणूस लागतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि कुणी सांगितलंच नाही तर?"

"तर काय? सगळे बसून राहतात. चांगली धडधाकट मशीन, पण एक काम करत नाहीत."

"अगदी आपलं घर," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाबांनी पेपर उचलून त्यात तोंड घातलं.

आईच्या बोलण्यात काही गूढ नव्हतं. बाबांची मिल बंद नव्हती झाली, असं बाबांचं म्हणणं होतं. एका सकाळी फाटकावर नोटीस लागली की पुढील सूचनेपर्यंत काम स्थगित. पुढील सूचना आलीच नाही. "बंद झाली असं कुठे लिहिलंय दाखव," बाबा मला म्हणायचे. रोज सकाळी दाढी करून, डबा घेऊन ते फाटकासमोरच्या लिंबाखाली जाऊन बसायचे. तिथे त्यांच्यासारखे अजून बरेच होते. कुणी सांगे दिल्लीहून माणूस येऊन गेला, कुणी सांगे नवा मालक पक्का झाला. ज्याने दुसरीकडे नोकरी धरली त्याचं नाव कटेल, अशीही एक खबर होती, आणि ती सगळ्यांनी मनाला लावून घेतली होती. घरात प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर असे. मोरीची फरशी उखडली आहे, आईच्या डोळ्याला मोतीबिंदू आहे, मुलीला स्थळं बघायची आहेत. मिल चालू झाली की बघू. स्थळांच्या बाबतीत ते उत्तर मला सोयीचं होतं, हे कबूल. बाकी सगळ्याने माझा जीव उबगला होता. आई दिवसेंदिवस जास्त वाकून तांदूळ निवडत होती.

त्या पावसाळ्याच्या शेवटी बाबांचे एक जुने सोबती घरी आले. त्यांनी सांवेर रोडवर जुने यंत्रमाग घेऊन दवाखान्यात लागणाऱ्या पट्टीचं कापड काढायचं ठरवलं होतं. त्यांना जॉबर हवा होता. "तुझा हात पाहिजे, भिया. दसऱ्याच्या नंतर चालू करतोय. दसऱ्यापर्यंत सांग. नाहीतर मला बुऱ्हाणपूरहून माणूस आणावा लागेल," ते म्हणाले. बाबांनी चहा पाजला आणि बघू म्हटलं.

ते गेल्यावर मी बाबांवर तुटून पडले. असं मी याआधीही किती वेळा केलं असेल. "मिल मेलीय बाबा! केव्हाचीच मेलीय. तुम्हाला दिसत नाही का?"

त्या दिवशी बाबा चिडले नाहीत. म्हणाले, "तू पण घरी बसूनच म्हणतेस ना? तुझ्या सरांसारखं. आत जाऊन पाहिलंस कधी?"

मी चहाच्या कपबश्या आपटत गोळा केल्या. 

"खंडेनवमीला चल," ते म्हणाले. "तू बघ आणि तू सांग. आमच्यातल्या कुणालाही विचारलं तर तो चालू होईल म्हणूनच सांगणार."

मिलच्या फाटकातली दिंडी, म्हणजे माणूस वाकून जाईल एवढं छोटं दार, वर्षातून एकदाच उघडत असे, खंडेनवमीला. काम थांबल्यावरही ही रीत कुणी मोडली नव्हती. आपापल्या मशीनची पूजा करायला जुन्या कामगारांना आत सोडत, दुपारपर्यंत. बाबा दरवर्षी जात आणि फार खुशीत परत येत. आमच्या शेडमधली पूजा मात्र एक दिवस आधीच उरकली. आदल्या संध्याकाळी मी चारही मशीन एकेक करून रीतसर बंद केली, कपाटाला हार घातला, सरांनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि मला दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली.

बाबांनी पिशवीत जुनं धोतर फाडून केलेले बोळे, तेलाची बुधली, हळदकुंकू आणि झेंडूची फुलं घेतली होती. पहारेकऱ्याने दिंडी उघडली. आम्ही दहा-पंधरा जण आत गेलो, त्यात बाई मी एकटीच.

विणाई खात्याची शेड मी पहिल्यांदाच बघत होते. बाबा आयुष्यभर ज्या जागेबद्दल बोलत आले ती माझ्या मनात नेहमी आवाजाने भरलेली होती. तिथे आमच्या चपलांचा आवाज होत होता. मागांच्या रांगा दूरवर गेल्या होत्या, छताच्या फुटक्या काचांतून त्यांच्यावर ऊन पडलं होतं. बाबा सरळ आपल्या रांगेत गेले. तिथले माग बाकीच्यांपेक्षा साफ होते. त्यांनी धूळ पुसली, सांध्यात तेल सोडलं, मग एका मागाचं चाक हाताने फिरवलं. माग हलला. कुरकुर न करता हलला. आडवा धागा नेणारा धोटा या टोकाहून त्या टोकाला गेला आणि बाबांनी माझ्याकडे बघितलं. 

"बघ," ते म्हणाले. "काय झालंय याला?"

खरंच काही झालं नव्हतं. मला वाटलं होतं गंजलेलं, मोडलेलं काहीतरी दिसेल आणि बोलणं सोपं जाईल. पण इतके दिवस थंड खोलीत जाऊन जाऊन माझ्या डोळ्यांना एक सवय लागली होती. मशीन कसं दिसतं ते मी बघत नाही. वीज कुठून येते ते बघते. मी खाली वाकले. मागाच्या मोटरमध्ये आतली तांब्याची वेटोळी नव्हती, नुसतं कवच. जमिनीतल्या नालीवरची फळी उचलली तर आत केबल नव्हती. नाली तशीच पुढे जात होती, मी तिच्या कडेकडेने शेवटपर्यंत चालत गेले. भिंतीपाशी मोठ्या स्विचांची खोली होती. दार उघडं, आत फक्त भिंतीतले खिळे आणि जिथे पेट्या होत्या तिथे फिकट चौकोन. सगळं नीट काढून नेलेलं होतं. पुन्हा लावायचं म्हणून कुणी असं काढत नाही.

मी परत आले. बाबा त्या मागाला फुलं वाहत होते.

"बाबा, केबल नाहीये."

"माहीत आहे."

"मोटरी रिकाम्या आहेत. स्विच रूममध्ये काही नाही."

"मागच्या खंडेनवमीलाही नव्हतं," ते म्हणाले. त्यांचे हात थांबले नाहीत. "सगळ्यांना माहीत आहे, बेटा. आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. म्हणत कोणी नाही."

घरात ते वाक्य मी शंभरदा फेकलं होतं, कधी भांडी आपटत, कधी दार आपटत. तिथे, त्या पुसलेल्या मागासमोर उभं राहून ते तोंडातून बाहेर काढायला मला फार जड गेलं. मला वाटलं बाबांनीच म्हणावं, ते मोठे आहेत, मिल त्यांची आहे. पण ते फुलांचे देठ खुडत माझ्या बोलण्याची वाट बघत होते. कुणीतरी आपल्याकडे काही मागावं आणि ते देताना त्याचंच सगळं हिरावून घ्यावं लागावं, अशी वेळ पुन्हा कुणावर येऊ नये.

"मिल बंद झाली, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मागाला हात जोडले, मीही जोडले. मग बुधलीचं झाकण घट्ट करून पिशवीत ठेवलं आणि आम्ही बाहेर आलो.

लिंबाखाली जे आत आले नव्हते ते बसले होते. एकाने नेहमीसारखं विचारलं, "क्या भिया, कब चालू हो रही अपनी मिल?"

"बंद हो गई," बाबा म्हणाले.

 विचारणारा उठून उभा राहिला. "किसने बोला?"

"मेरी लड़की ने. अंदर जा के देख के आई."

"अरे, उसको मिल का क्या मालूम? वो तो कंप्यूटर वाली है!"

"उसका यही काम है, भिया," बाबा म्हणाले.

त्यांच्या आवाजात माझं कौतुक होतं, आणि मला ते ऐकवत नव्हतं. कुणी पुढे वाद घातला नाही. एक म्हातारे गृहस्थ बूट घालू लागले. दोघंतिघं दुसरीकडे बघू लागले, आणि त्यांतल्या एकाने त्यानंतर बाबांशी कधी बोलणं ठेवलं नाही. बाबांना ते फार लागलं, पण त्यांनी त्याला कधी दोष दिला नाही.

घरी आईने दारातच विचारलं काय झालं. बाबांनी सांगितलं, दसरा झाला की परवापासून सांवेर रोड. सगळ्यात जास्त घाई आईला होती, टोमणे सगळ्यात जास्त तिचे होते, त्यामुळे मला वाटलं ती देवासमोर साखर ठेवेल. ती बरं म्हणाली, आत गेली आणि धाय मोकलून रडायला लागली. इतकी वर्षं तीही वाट बघत होती हे मला तेव्हा कळलं. बाबा तिच्या शेजारी जाऊन नुसते बसले. मी शेगडी लावून चहा ठेवला आणि त्या एका वेळी त्याला मुळीच घाई केली नाही.

पहिल्या दिवशी आम्ही एकाच टेम्पोने निघालो. बाबांचा कारखाना माझ्या कंपनीच्या बराच अलीकडे होता. टेम्पोत दाटीवाटीने बसलो असताना ते एकदम म्हणाले, "तुमच्यातलं ते, बंद आहे म्हणून सांगितलेलं मशीन. त्याचं पुढे काय करता?"

"पुन्हा चालू करतो."

"मग ते आपल्या जागेवर येऊन बसतं?"

"तसंच नाही येऊ देत. आधी त्याच्या डोक्यात जे होतं ते सगळं पुसून जातं. मग ते नव्याने आपलं नाव सांगतं, बाकीचे त्याला आत घेतात."

"सगळं पुसून?"

"हो. नाहीतर जुनंच काहीतरी लिहायला जाईल ना."

 बाबा आपला स्टॉप आल्यावर घाईघाईने उतरले, माझ्याकडे वळून बघितलंही नाही. सवारी घ्यायला टेम्पो तिथेच रेंगाळला. कारखान्याच्या फाटकाशी एक चौकीदार उभा होता, अगदी नवा असावा. त्याने बाबांना अडवून नाव विचारलं.

बाबा ताठ उभे राहिले. त्यांनी आपलं नाव सांगितलं, आणि त्याला लागूनच, श्वासही न घेता, मिलचं नाव सांगितलं आणि खातं सांगितलं.

चौकीदाराला काही बोध झाला नाही. त्याने हाताने आत जायची खूण केली आणि बाबा आत गेले.